सुटीचे चित्रपट आणि लघुउद्योगांची सायबर सुरक्षा

भारताच्या अर्थव्यवस्थेत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचे स्थान मध्यवर्ती आहे. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात या क्षेत्राचा वाटा सुमारे ३० टक्के असून निर्यातीत तो ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. गेल्या दशकात या क्षेत्राच्या कामकाजाची रीत मुळापासून बदलली. २०१६ मध्ये यूपीआय प्रणाली सुरू झाली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे संगणकावर भरली जाऊ लागली. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणीही ऑनलाइन झाली. खतावणी, रोखपेटी आणि तिजोरी यांची जागा मोबाइल, संगणक आणि बँकेच्या संकेतस्थळाने घेतली. रात्री दुकान बंद करताना कुलूप ओढून पाहण्याची सवय मात्र या नव्या तिजोरीपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.

या दुर्लक्षाची किंमत वाढत आहे. सर्ट-इन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाकडे २०२३ मध्ये १५.९२ लाख सायबर घटनांची नोंद झाली; २०२४ मध्ये ही संख्या २०.४१ लाखांवर गेली. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी गमावलेली रक्कम २०२३ मधील ७,४६५ कोटी रुपयांवरून २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपयांवर पोहोचली.

सायबर सुरक्षा हा केवळ तंत्रज्ञांचा विषय आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो किती अपुरा आहे, हे समजून घेण्यासाठी एक अनपेक्षित साधन उपयोगी पडते. अमेरिकेत नाताळच्या सुटीत दरवर्षी हमखास पाहिले जाणारे काही लोकप्रिय चित्रपट आहेत. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६), ‘ग्रेमलिन्स’ (१९८४), ‘डाय हार्ड’ (१९८८) आणि ‘होम अलोन’ (१९९०) हे त्यांपैकी चार. चारही चित्रपटांत ऐन सणात चोरी, नुकसान किंवा विध्वंस घडतो. चारही चित्रपट लहान व्यवसायांपर्यंत इंटरनेट पोहोचण्यापूर्वीचे आहेत. त्यामुळे त्यांत तंत्रज्ञानाचा पडदा आड येत नाही. माणसांच्या कामकाजातील उणीव तेवढी स्पष्ट दिसते. आजचे बहुसंख्य सायबर गुन्हे नेमक्या याच उणिवांचा लाभ घेतात.

सुटीचा मुहूर्त

जॉन मॅक्टिअर्नन दिग्दर्शित ‘डाय हार्ड’ची कथा नाताळच्या आदल्या रात्री लॉस एंजेलिसमधील नाकातोमी या कंपनीच्या इमारतीत घडते. कर्मचारी मेजवानीत दंग असताना सशस्त्र टोळी इमारत ताब्यात घेते. तिने दिवस विचारपूर्वक निवडलेला असतो. त्या रात्री कार्यालये रिकामी असतात आणि बाहेरच्या जगाला काही घडल्याचे लवकर कळत नाही.

वास्तवातील सायबर गुन्हेगारांची निवडही अशीच असते. ४ फेब्रुवारी २०१६ च्या गुरुवारी रात्री बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेतील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर वळविण्याचे बनावट आदेश देण्यात आले. शुक्रवार हा बांगलादेशात साप्ताहिक सुटीचा दिवस, शनिवार व रविवार हे न्यूयॉर्कमधील सुटीचे दिवस आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चांद्र नववर्षाची सुटी होती. बहुतेक आदेश अडविले गेले; तरीही ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समधील खात्यांत जमा झाले. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्याची सुरुवात ११ ऑगस्ट २०१८ रोजी झाली. तो महिन्यातील दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस होता. बनावट कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतील एटीएम यंत्रांतून रकमा काढण्यात आल्या आणि सोमवारी परदेशी खात्यात आणखी रक्कम वळविण्यात आली. एकूण हानी सुमारे ९४ कोटी रुपयांची होती.

या दोन्ही संस्था मोठ्या होत्या; परंतु लहान व्यवसायही या सूत्रातून सुटलेले नाहीत. २ जुलै २०२१ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या जोडसुटीच्या तोंडावर, कसेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील त्रुटीमार्गे रॅन्समवेअर पसरविण्यात आले. माहिती कुलूपबंद करून ती सोडविण्यासाठी खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरला रॅन्समवेअर म्हणतात. कंपनीच्या अंदाजानुसार ८०० ते १,५०० व्यवसाय या हल्ल्यात सापडले व त्यांतील बरेचसे लहान होते. स्वीडनमधील कूप या विक्री साखळीला सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली. अमेरिकेतील एफबीआय आणि सीसा या संस्थांनी ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सुटीच्या काळातील रॅन्समवेअरविषयी खास सूचनापत्र प्रसृत केले.

यामागील अर्थशास्त्र सोपे आहे. हल्लेखोराचा लाभ तो पकडला जाईपर्यंत मिळणाऱ्या तासांवर अवलंबून असतो. एरवी दोन तासांत लक्षात येणारी गोष्ट सुटीत दोन दिवस लक्षात येत नाही. खर्च तोच राहून लाभ मात्र अनेक पटींनी वाढतो. भारतात दिवाळी, दुर्गापूजा, ओणम, पोंगल, ईद किंवा नाताळ या काळात व्यवसायांची उलाढाल सर्वाधिक असते, तात्पुरते कामगार घेतले जातात आणि मालक गावी गेलेला असतो. म्हणून सुटीत संगणकावर लक्ष कोण ठेवणार, बँकेचे संदेश कोणाच्या मोबाइलवर येणार आणि संशय आल्यास कोणाला कळवायचे, हे सुटीपूर्वीच लेखी ठरलेले असावे.

‘डाय हार्ड’मध्ये आणखी एक धडा आहे. तिजोरीला सात कुलपे असतात. शेवटचे विद्युतचुंबकीय कुलूप टोळीला उघडता येत नाही. मात्र ओलीस धरल्याची बातमी मिळताच एफबीआय ठरलेल्या पद्धतीप्रमाणे इमारतीची वीज तोडणार, हे टोळीच्या म्होरक्याला ठाऊक असते. वीज तुटते आणि कुलूप आपोआप उघडते. बचावासाठी उचललेले पाऊल हल्लेखोराच्या योजनेचाच भाग ठरते. भारतात याचे रोजचे उदाहरण आढळते. व्यवहार अडकला की घाबरलेला दुकानदार इंटरनेटवर बँकेचा मदत क्रमांक शोधतो. तेथे फसवणूक करणाऱ्यांनी आपला क्रमांक आधीच पेरून ठेवलेला असतो. पलीकडची व्यक्ती मदतीच्या नावाखाली मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखविणारे अॅप बसवावयास सांगते आणि खाते रिकामे होते. बँकेचा खरा क्रमांक शांततेच्या काळातच लिहून भिंतीवर लावणे, हा यावरचा बिनखर्ची उपाय होय.

मोजणीतील चूक आणि गणवेशातील चोर

ख्रिस कोलंबस दिग्दर्शित ‘होम अलोन’मध्ये शिकागोच्या उपनगरातील एक मोठे कुटुंब नाताळासाठी पॅरिसला निघते. रात्रीच्या वादळात वीज जाते, घड्याळाचा गजर वाजत नाही आणि सकाळी सर्वांची धांदल उडते. मुलांची मोजणी होते. परंतु त्यात शेजारचा एक मुलगा चुकून मोजला जातो. आकडा जुळतो आणि आठ वर्षांचा केविन घरातच राहतो. आकडा जुळला म्हणजे हिशेब जुळला असे नसते, हे लेखापरीक्षणातील जुने तत्त्व येथे दिसते.

सायबर सुरक्षेची पहिली पायरीही मोजणीचीच आहे. आपल्याकडे संगणक किती, मोबाइल किती, बँकेच्या खात्याला कोणते क्रमांक जोडलेले आहेत, ग्राहकांची माहिती कोणकोणत्या यंत्रांत आहे आणि कोणाकडे कोणता पासवर्ड आहे, याची यादी बहुतेक लहान उद्योगांकडे नसते. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या लेखनिकाचे ई-मेल खाते सुरूच असते. कोपऱ्यातील जुन्या संगणकावर कालबाह्य प्रणाली चालू असते. जे मोजलेले नाही त्याचे रक्षण करता येत नाही.

चित्रपटातील दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. कुटुंब निघण्यापूर्वी दोन चोरांपैकी एक जण पोलिसाच्या गणवेशात त्यांच्या घरी येतो आणि सुटीत घराची काय व्यवस्था केली आहे, याची आपुलकीने विचारपूस करतो. घरच्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. कुलूप तोडण्यापूर्वी माहिती काढून घेणे आणि अधिकाराचा वेश पांघरणे, हेच आजच्या फसवणुकीचे मुख्य तंत्र आहे. कर विभागाच्या, बँकेच्या किंवा कुरिअर कंपनीच्या नावाने येणारा बनावट संदेश हा त्या गणवेशाचाच नवा प्रकार होय. ‘डिजिटल अटक’ या नावाने होणाऱ्या फसवणुकीत तर गुन्हेगार दृश्य संवादाच्या वेळी प्रत्यक्ष पोलिसी गणवेशात दिसतो. भारतीय कायद्यात अशा प्रकारच्या अटकेची कोणतीही तरतूद नाही.

यावर उपाय ओळख पटविण्याच्या व्यवस्थेत आहे. पासवर्डखेरीज दुसरी खूण मागणारी द्विस्तरीय पडताळणी प्रत्येक ई-मेल व बँक खात्याला लावता येते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार भारतातील बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणली असून त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. खरे संकेतस्थळ ओळखण्याची ही सोपी खूण आहे. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारण्यासाठी पिन द्यावा लागत नाही, ही एक गोष्ट गल्ल्यावरील प्रत्येक कामगाराला ठाऊक असली तरी अनेक फसवणुकी टळतात.

एका माणसाच्या हातातील रक्कम

फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये बेडफर्ड फॉल्स या गावातील एका छोट्या गृहकर्ज संस्थेची कथा आहे. तिचे स्वरूप आपल्याकडील पतसंस्थेशी मिळतेजुळते आहे. नाताळच्या आदल्या दिवशी संस्थेचे ८,००० डॉलर बँकेत भरण्यासाठी विसराळू बिली काका एकटे जातात. बोलण्याच्या नादात ते पैशांचे पाकीट वर्तमानपत्राच्या घडीत ठेवतात आणि ते वर्तमानपत्र गावातील धनाढ्य प्रतिस्पर्ध्याच्याच हाती देतात. त्याच दिवशी संस्थेच्या हिशेबाची तपासणी असते. संस्थाप्रमुख जॉर्ज बेली आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचतो. अखेर गावकरी वर्गणी काढून संस्था वाचवितात. मूळ रक्कम मात्र चित्रपटाच्या शेवटीही परत मिळत नाही.

काकांना दोष देणे सोपे आहे. खरी उणीव ही की, एवढी रक्कम एकाच माणसाच्या हाती होती आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाची नजर नव्हती. आज ही चूक देयकाच्या फसवणुकीत दिसते. मुरादाबादचा पितळी वस्तूंचा निर्यातदार किंवा तिरुपूरचा होजिअरी उत्पादक परदेशी ग्राहकाशी ई-मेलद्वारे व्यवहार करतो. दोघांपैकी एकाच्या ई-मेल खात्यात शिरलेला गुन्हेगार आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचत राहतो आणि रक्कम पाठविण्याच्या दिवशी ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा एकच संदेश पाठवितो. माल खरा असतो, देयक खरे असते. केवळ खाते चोराचे असते. एफबीआयच्या नोंदीनुसार अशा फसवणुकीतील हानी २०२३ मध्ये २९० कोटी डॉलरहून अधिक होती.

येथे कोणतेही महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. ठरावीक रकमेपुढील प्रत्येक व्यवहाराला दोन व्यक्तींची संमती असावी आणि खाते बदलल्याची सूचना आल्यास आधीपासून माहीत असलेल्या दूरध्वनीवर बोलून खात्री करून घ्यावी, एवढे दोन नियम पुरतात.

जॉर्ज बेलीच्या कथेतील आणखी एक मुद्दा वेळेचा आहे. पैसे हरवल्यानंतरचे तास शोधाशोध, संताप आणि निराशा यांत जातात. गावकऱ्यांची मदत मागितली जाते ती अगदी शेवटी, आणि तीही जॉर्जकडून नव्हे तर त्याच्या पत्नीकडून. सायबर फसवणुकीत पहिले काही तास निर्णायक असतात, कारण चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरविली जाते. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम मध्येच गोठविता येते. चूक कबूल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नोकरी जाण्याचे भय असेल, तर तो ती लपवील आणि हे तास वाया जातील. म्हणून चूक त्वरित सांगणाऱ्यास शिक्षा न करणे हाही सुरक्षेचाच भाग ठरतो.

तीन साधे नियम आणि संपूर्ण गाव

जो डान्टे यांच्या ‘ग्रेमलिन्स’मध्ये एक पिता मुलाला नाताळची भेट म्हणून एक गोंडस अनोखा प्राणी देतो. सोबत तीन नियम असतात: त्याला प्रखर प्रकाशात नेऊ नये, भिजवू नये आणि मध्यरात्रीनंतर खाऊ घालू नये. नियम अवघड नाहीत. एका मित्राच्या हातून पाणी सांडते आणि एकाचे अनेक प्राणी होतात. पुढे ते रात्री खायला मागतात. मुलगा घड्याळ पाहून खाऊ देतो. घड्याळाची तार त्यांनी आधीच कुरतडलेली असल्याने ते बंद पडलेले असते. सकाळपर्यंत त्यांची रूपांतरे होतात आणि एका घरातील निष्काळजीपणाची किंमत अख्खे गाव मोजते.

सायबर स्वच्छतेचे नियमही असेच साधे आहेत. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे, अनोळखी जोडपत्र किंवा पेन ड्राइव्ह उघडू नये आणि माहितीच्या प्रती सुरक्षित ठेवाव्यात. प्रतींबाबत ‘तीन-दोन-एक’ हा प्रचलित संकेत आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक प्रत व्यवसायाच्या जागेबाहेर. एक प्रत इंटरनेटपासून पूर्णतः अलग असल्यास खंडणीखोराच्या हातातील मुख्य हत्यारच बोथट होते. घड्याळाचा प्रसंगही अर्थपूर्ण आहे. हल्ल्यानंतरचा तपास संगणकातील नोंदींवर आधारलेला असतो. यंत्रांची घड्याळे चुकीची असतील तर घटनाक्रम लावता येत नाही. सर्ट-इनने २०२२ मध्ये संगणकांची वेळ राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवून ठेवणे बंधनकारक केले, त्याचे कारण हेच.

एका घरातून गावभर पसरणारे संकट वास्तवातही घडले आहे. अमेरिकेतील टार्गेट या विक्री साखळीत २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ऐन नाताळच्या खरेदीच्या काळात, सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. हल्लेखोर शिरले ते शीतकरण यंत्रणेचे काम पाहणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराकडून चोरलेल्या पासवर्डच्या आधारे. भारतात ३१ जुलै २०२४ रोजी बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने खबरदारी म्हणून त्या कंपनीला देयक जाळ्यापासून तात्पुरते अलग केले आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार खोळंबले. त्यांत सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँका प्रामुख्याने होत्या.

बाजारव्यवस्था अपुरी का पडते

उपाय इतके स्वस्त असतील, तर ते सर्वत्र का आढळत नाहीत? अर्थशास्त्रात याची तीन कारणे सांगता येतात.

पहिले कारण बाह्य परिणामांचे. टार्गेटच्या उदाहरणातील कंत्राटदाराने आपल्या संगणकाच्या सुरक्षेवर किती खर्च करावा, हे ठरविताना तो स्वतःचे संभाव्य नुकसान विचारात घेतो. कोट्यवधी ग्राहकांचे नुकसान त्याच्या हिशेबात येत नाही. परिणामी त्याचा खर्च समाजाच्या दृष्टीने योग्य पातळीपेक्षा कमी राहतो. केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये हा विचार ठामपणे मांडला. सुरक्षेतील अनेक त्रुटींचे मूळ तांत्रिक नसून चुकीच्या आर्थिक प्रेरणांत आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते.

दुसरे कारण माहितीच्या विषमतेचे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, ग्राहकाला मालाचा दर्जा पारखता येत नसेल तर निकृष्ट माल उत्कृष्ट मालाला बाजाराबाहेर ढकलतो. सुरक्षा सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या लहान उद्योजकाची स्थिती अशीच असते. कोणते उत्पादन खरोखर संरक्षण देते, हे त्याला कळत नाही. मग तो सर्वांत स्वस्त ते घेतो किंवा काहीच घेत नाही.

तिसरे कारण स्थिर खर्चाचे. सुरक्षा तज्ज्ञाचे वेतन मोठ्या कंपनीच्या उलाढालीत नगण्य असते. दहा कामगारांच्या कारखान्याला ते पेलत नाही. तथापि खर्चालाही मर्यादा असते. मेरीलँड विद्यापीठातील लॉरेन्स गॉर्डन व मार्टिन लोब यांनी २००२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, विशिष्ट गृहीतकांखाली सुरक्षेवरील इष्टतम खर्च अपेक्षित हानीच्या सुमारे ३७ टक्क्यांहून अधिक नसतो. समजा, एखाद्या उद्योगाला १० लाख रुपयांच्या हानीचा संभव २० टक्के आहे. तर अपेक्षित हानी २ लाख रुपये होते आणि या प्रतिमानानुसार सुरक्षेवर सुमारे ७४ हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च करणे आर्थिकदृष्ट्या योग्य ठरत नाही. संपूर्ण सुरक्षा हे उद्दिष्ट व्यवहार्य नसते. थोड्या खर्चात मोठा धोका कमी करणारे उपाय आधी योजणे हीच विवेकी नीती होय.

कायदा आणि संस्थात्मक चौकट

बाजारव्यवस्था अपुरी पडते तेथे शासनाची भूमिका सुरू होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६६-क आणि ६६-ड या इंग्रजी क्रमाने सी व डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदी आल्या. पहिली तरतूद दुसऱ्याची ओळख चोरण्याविषयी, तर दुसरी संगणकाच्या साहाय्याने तोतयागिरी करून फसविण्याविषयी आहे. दोन्ही गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘होम अलोन’मधील गणवेशधारी चोराचा आजचा अवतार दुसऱ्या तरतुदीखाली येतो.

सर्ट-इनची स्थापना जानेवारी २००४ मध्ये झाली आणि याच दुरुस्तीने तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक स्वरूपाची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे व संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत देण्यात आली होती. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडून घातक सॉफ्टवेअर काढून टाकण्याची साधने विनामूल्य मिळतात. २०२५ मध्ये सर्ट-इनने या उद्योगांसाठी १५ मूलभूत नियंत्रणांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिची सुरुवात यंत्रांच्या यादीपासूनच होते.

गुन्ह्यांच्या तपासासाठी गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र जानेवारी २०२० मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळ ऑगस्ट २०१९ पासून आणि आर्थिक फसवणुकीच्या तत्काळ नोंदणीची व्यवस्था २०२१ पासून कार्यरत आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने बाह्य परिणामांच्या प्रश्नाला थेट हात घातला. ग्राहकांच्या माहितीसाठी वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदींची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले आहे. नवउद्यमांसह काही घटकांना निवडक कर्तव्यांतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. परंतु सुरक्षा उपाय योजण्याचे कर्तव्य त्या सूटयोग्य कर्तव्यांत मोडत नाही. लहान असणे ही निष्काळजीपणाची सबब ठरू शकत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

पुढील दिशा

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार २.५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. त्यात कोपऱ्यावरच्या शिंप्यापासून सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यापर्यंत सर्व येतात. त्या सर्वांवर एकच नियमावली लादल्यास अनुपालनाचा बोजा सर्वांत लहान घटकावर सर्वाधिक पडेल. म्हणून धोक्याच्या प्रमाणात बंधने आणि समूहाच्या पातळीवर सेवा, असा मार्ग अधिक हितावह ठरेल. समूह विकास कार्यक्रमातून लहान उद्योगांसाठी सामाईक सुविधा केंद्रे उभारली जातात. रंगाई किंवा चाचणीची सोय जशी सामाईक असते, तशीच एका औद्योगिक वसाहतीतील शंभर कारखान्यांनी मिळून एक सुरक्षा तज्ज्ञ नेमल्यास स्थिर खर्चाची अडचण बऱ्याच अंशी दूर होईल. मोठ्या खरेदीदारांनीही पुरवठादाराकडून सुरक्षेची अपेक्षा करताना प्रशिक्षणाचा काही भार उचलणे न्याय्य ठरेल, कारण त्या सुरक्षेचा लाभ त्यांनाही मिळतो.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधील संस्था अखेरीस गावाच्या परस्पर विश्वासावर तरली. लघुउद्योगांचा कारभारही अशाच विश्वासावर चालतो: उधारी, तोंडी आदेश आणि वर्षानुवर्षांचे ग्राहक यांवर. सायबर गुन्ह्यात पैशांबरोबर हा विश्वासही गमावला जातो. एकदा फसलेला छोटा दुकानदार पुन्हा रोखीकडे वळला, तर डिजिटल व्यवहारांतून त्याच्यासाठी खुली होणारी पतपुरवठ्याची वाटही बंद होते. यंत्रांची यादी, दोन व्यक्तींची संमती, अलग ठेवलेली प्रत आणि १९३० हा क्रमांक एवढी तयारी प्रत्येक लहान उद्योगाला आज करता येण्याजोगी आहे. तिची योग्य वेळ सुटी लागण्यापूर्वीची असते.